माळावरचा भुंगा

चातुर्मासात वांगे न खाण्याचा नेम आमच्या घरात आता कोणी पाळत नाही. पण चंपाषष्ठीला आत्याकडे भरीत-रोडगा खायला जायचे, हा नेम मात्र मी आजवर मोडलेला नाही. आत्याचे गाव कडेगाव तालुक्यात, सागरेश्वरच्या डोंगराच्या अंगाला. कृष्णाकाठचे वांगे म्हणजे काय चीज आहे हे सांगली-साताऱ्याच्या वाचकांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही. आत्याच्या परसात त्या वांग्यांची पंचवीस-तीस झाडे दरसाल उभी असतात आणि चंपाषष्ठीचे भरीत त्याच वांग्यांचे होते.

तीन वर्षांपूर्वी गेलो, तर ताटात बाजारचे वांगे. पहिल्याच घासाला मी ओळखले, पण बोललो नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "यंदा फुलं आली रे, पण नुसतीच गळून गेली. फळ म्हणून धरेना. लावणारीचं वय झालं तसं झाडांचंही झालं असेल!"

आत्याचा मुलगा, म्हणजे आमचे दादा, तिथल्याच हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. एरवी जेवताना त्यांचे तोंड कधी मिटत नाही. त्या दिवशी मात्र ते खाली मान घालून जेवले. संध्याकाळी मला म्हणाले, "चल, माळावर जाऊन येऊ." आणि वाटेत त्यांनी आपला गुन्हा कबूल केला.

गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा तीन एकरांचा माळ आहे. ताकारी योजनेचे पाणी आले, खाली उसाचे हिरवे रान झाले, पण हा तुकडा उंचावर राहिला आणि तसाच पडून राहिला. त्यावर घाणेरी इतकी माजली होती की आत शिरलेली शेळीसुद्धा दिसत नसे. दादांच्या मुलाचे म्हणणे, "बाबा, विकून टाका. प्लॉट पाडायला गिऱ्हाईक आहे." तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत, त्याला माळाचे काय? दादांनी हट्टाने ठरवले, माळ आधी साफ करून दाखवायचा. मे महिन्यात त्यांनी जेसीबी लावला. दीड दिवसात सगळा माळ तळहातासारखा लख्ख झाला. दादा म्हणाले, "त्या रात्री मी इतका छान झोपलो, की काय सांगू!"

पाऊस पडला आणि त्या तळहातावर उगवले काय? गाजर गवत! कंबरेइतके, पांढऱ्या फुलांचे. उकरलेल्या उघड्या जमिनीसारखी त्याला आवडणारी जागा दुसरी नाही. मध्ये मध्ये घाणेरीचीही पोरे होतीच, कारण यंत्राने झाडे मोडली तरी मुळांचे तुकडे आणि बी मातीतच राहिले होते. पण जे गेले ते मात्र परत आले नाही. घाणेरीच्या आडोशाने जगलेली तरवडाची झुडपे गेली, बांधावरचे दोन वाळके बाभळीचे बुंधे गेले, जुन्या कुंपणातले घायपाताचे सुके दांडे गेले. "आणि त्या दांड्यांत भुंगे राहत होते, हे मला मागाहून सुचलं," दादा म्हणाले.

आता भुंग्याचा आणि वांग्याचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. मीही विचारला. त्यावर दादांनी परसात नेऊन मला वांग्याचे एक फूल उलटे करून दाखवले. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा छोटा जुडगा असतो. इतर फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग बाहेर सांडतात. वांग्याचे तसे नाही. त्याच्या परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते, मिठाच्या डबीला असते तसे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही! ही हलवाहलव करतो तो काळा-निळा, जाडजूड भुंगा. तो फुलाला मिठी मारतो, पंख न पसरता छातीचे स्नायू थरथरवतो, त्याचा घूं असा आवाज येतो आणि छिद्रातून पराग त्याच्या अंगावर उडतात. टोमॅटोच्या फुलाची तीच रीत, तरवडाचीही तीच. आपल्या पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. परदेशात काचेच्या घरांत टोमॅटो पिकवणारे याच कामासाठी बंबलबी नावाच्या केसाळ माश्यांची घरटी विकत आणतात.

वांगे वाऱ्यानेही थोडेफार फळते, उष्म्यानेही फुले गळतात, हे खरे. एका परसावरून कसलाच सिद्धान्त निघत नाही, आणि भूगोलाच्या मास्तरांना हे मी सांगायला नको होते. पण सांगितले. ते म्हणाले, "असेल. पण आईच्या झाडांवर यंदा एकही भुंगा मी पाहिला नाही, हे तर खरं ना?"

तिथून त्यांनी नवा नाद धरला. मुलाकडून तीन वर्षांची मुदत मागून घेतली. तोवर विकायचे नाही असा करार झाला. माळावर भुंगा परत आणायचा! पुस्तके वाचली, माणसे गाठली, आणि त्यांच्या मागे मागे मीही थोडा शहाणा झालो. तेच शहाणपण आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

पहिले म्हणजे ही घाणेरी आपली नव्हे. ती अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या बागेत आणली, आणि आज देशातल्या वाघांच्या रानांपैकी सुमारे ४० टक्के रानात तिने पाय पसरले आहेत. गुरे तिला तोंड लावत नाहीत. लावले तर विषबाधा होते. पाखरे काळी फळे खातात आणि बी गावभर पेरतात. गाजर गवत त्या मानाने नवे. १९५६च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली. बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे म्हणतात, म्हणूनच त्याला काँग्रेस गवत हे नाव पडले. त्याची पाने खाणारा मेक्सिकोतला एक भुंगेरा १९८४पासून बंगळूरकडून आपल्याकडे सोडण्यात आला. तो बिचारा पावसाळाभर खातो, पण गवत त्याच्याहून वेगाने वाढते.

म्हणून परदेशी ते सगळे वाईट, असे म्हणून मोकळे होता येत नाही. दसरा-दिवाळीला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोचा. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ हे सगळे समुद्रापलीकडचे पाहुणे. ते आपल्या घरात मुकाट्याने राहिले. भांडण आहे ते ओसरीवर जागा दिली तर माजघरात बिऱ्हाड थाटणाऱ्यांशी.

आणि घाणेरीची आणखी एक गंमत आहे. तिच्या फुलांत मध भरपूर असतो. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी-लाल फुले दिसतात ना? पिवळी ताजी, मधाची. जुनी झाली की ती रंग बदलतात, आणि फुलपाखरे नेमकी पिवळ्यांवर बसतात. म्हणजे जिथे दुसरे काहीच उरलेले नाही, तिथे माश्या-फुलपाखरांची खानावळ ही घाणेरीच चालवत असते. ती एका दिवसात उखडली, तर गिऱ्हाइकांनी उपाशी मरायचे! दादांच्या दीड दिवसाच्या पराक्रमात हेही एक पाप होते.

या नादात आम्ही दोघे सागरेश्वरला दोनदा जाऊन आलो. लहानपणी तिथल्या शिवमंदिरांच्या जत्रेला गेलो होतो, तेव्हाचा डोंगर मला आठवतो, नुसता दगड. जवळच्या मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला आणि त्या उघड्या डोंगरावर जंगल उभे राहिले. सांबर, चितळ आणून सोडले. १९८५ साली जवळजवळ ११ चौरस किलोमीटरचे ते अभयारण्य झाले. माणसाने हाताने उभे केलेले रान म्हणून त्याचे नाव आहे, आणि ते रास्तच आहे. त्याच्या पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. ते जन्मले तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जुनी माणसे अजून साताऱ्याला थोरले घर म्हणतात.

सागरेश्वर पाहून दादांना वाटले, आपणही माळावर झाडे लावावीत. इथे मात्र माझे आणि त्यांचे वाजले. डोंगरावर झाडे लावायची म्हणून त्या काळात राज्यभर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ भरमसाट लागली. भराभर वाढतात आणि हिरवे दिसते. सरकारी अहवालाला तेवढे पुरते. पण माळ म्हणजे मोडके जंगल नव्हे. माळ हा माळच असतो. तिथे पवन्या आणि मारवेल यांचे गवत, मधून मधून बोर, हिवर, तरवड, नेपती, आणि मधल्या मोकळ्या मातीत जमिनीत बिळे करून राहणाऱ्या एकेकट्या माश्या. होय, बहुतेक रानमाश्या मोहोळ करीतच नाहीत. एकटी मादी मातीत बोटभर बीळ पाडते, परागाचा गोळा ठेवते, अंडे घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. तिच्या डोक्यावर दाट झाडी उभी केली, की तिचे घर गेले.

हे मला शिकवले ते कासच्या पठाराने. गणपती उठले की पुण्या-मुंबईच्या मोटारी तिकडे धावतात. त्या जांभ्या दगडावर माती वीतभरसुद्धा नाही, आणि तरी पावसाळ्याच्या अखेरीस तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद असे गालिचे पसरतात. सात वर्षांनी टोपली कारवी फुलते, तेव्हा माश्यांचा नुसता कल्लोळ असतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशात घेतले आणि गर्दी आणखी वाढली. फुले पायांखाली जाऊ लागली, तेव्हा वनखात्याने पठाराला जाळीचे कुंपण घातले. हेतू चांगला. पण जाळीमुळे गुरांचे येणे थांबले. गुरे चरत तेव्हा दबून राहणारे उंच गवत वर आले आणि बुटक्या फुलांना ऊन मिळेनासे झाले, अशी तक्रार गावकरी आणि जाणकार करू लागले. बरीच वर्षे वाद झाला आणि अखेर ती जाळी काढण्याचे ठरले. एकाने राखायचे म्हणून बंद करावे आणि राखले जाते तेच नेमके हरवावे, असा हा प्रकार. मी दादांना म्हटले, "तुमच्या माळावर शेळ्या बंद करू नका. थोड्या येऊ द्या."

साताऱ्याच्याच पठारांवर कंदीलपुष्प म्हणून एक नाजूक वेल आहे. तिचे फूल खरोखर कंदिलासारखे. खाली फुगीर, वर नळी. आत शिरणाऱ्या बारीक माशीला नळीतले खाली वळलेले केस परत बाहेर येऊ देत नाहीत. बिचारी रात्रभर कोठडीत राहते. मग केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी अंगाला परागाची गाठोडी चिकटवून सुटते ती थेट दुसऱ्या कोठडीकडे! या वेली दुर्मिळ होत चालल्या, तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची रोपे तयार करून मूळच्या रानात परत लावली. साताऱ्याचे नाव धारण करणारा वायतुरा १९८२ साली शास्त्रज्ञांपुढे ठेवणाऱ्यांतही ते होते. वेल परत लावता येते. पण तिची ती चिमुकली माशी तिथे असली तरच वेलीला शेंग धरते, आणि माशी काही रोपवाटिकेत मिळत नाही.

मधमाशी म्हटले की आपल्याला महाबळेश्वरचा मध आठवतो. तिथला कारवीचा, जांभळाचा, हिरड्याचा मध आपल्या सातेरी माशीचा. जवळचे मांघर हे गाव मे २०२२मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पण १९९१-९२च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात सातेरीच्या अळ्यांना विषाणूचा रोग लागून दहातल्या नऊ वसाहती बसल्या होत्या, हे थोड्यांना ठाऊक असते. तेव्हापासून एका माशीच्या भरवशावर राहू नये असे शहाणे सांगतात. दादांनीही पेट्या आणायचा बेत केला होता. वहिनींनीच तो मोडला. म्हणाल्या, "भावजी, आधी जेवायला वाढा, मग पाहुणे बोलवा. माळावर फूल नाही आणि यांना पेट्या हव्यात!"

तर दुसऱ्या खेपेला दादांनी काय केले ते सांगतो. माळाचे सहा भाग पाडले आणि वर्षाला दोनच घेतले. सुरुवात केली ती जिथे थोडे गवत, थोडी बोर-नेपती शिल्लक होती त्या कडेपासून. घाणेरीचा गड जिथे पुन्हा माजला होता, तो शेवटी. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली एक युक्ती आहे. घाणेरी वरून छाटायची नाही. छाटली की चौपट फुटते. कुदळीने मातीखाली दोन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उचलून तिथेच मुळे वर करून उलटे टाकायचे. ते वाळून जाते, जमीन उकरली जात नाही आणि पुन्हा फुटत नाही. हे काम फळे धरण्याआधी करायचे. पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात फिरून, विशेषतः पाखरे बसतात त्या झाडांखाली आणि तारांखाली, उगवलेली रोपे उपटायची. यात शौर्य काही नाही, नुसता चिवटपणा आहे.

या कामाला गावातल्या दोन मावशी येत. त्यातली एक पहिल्या दिवशी दादांना म्हणाली, "मास्तर, दीड दिसाचं काम तीन वर्सं करायचं, त्ये बी पगार दिऊन? पेन्शन लई झाली का काय?" गाजर गवत मात्र तिनेच उपटू दिले नाही, फूल यायच्या आधी आणि हातमोजे घातल्याशिवाय. तिच्या दिराला त्या गवताने दमा जडलेला. गवत फुलावर येण्याआधी उपटले तर त्याचे खतही होते. एकदा फुलले की एका झाडाचे हजारो बी.

मोकळ्या झालेल्या जागी पवन्या-मारवेलचे बी फेकले. तरवडाचे बी टणक, म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवून लावले. निर्गुडीच्या फांद्या आषाढात नुसत्या खोचल्या. गुरे खात नाहीत आणि माश्या तिच्यावर तुटून पडतात. बांधाच्या दक्षिणेच्या उताराला दहा पावले जागा मुद्दाम उघडी ठेवली, बिळवाल्या माश्यांसाठी. आणि वाळक्या बाभळीचे बुंधे, बांबूचे तुकडे असे एका कोपऱ्यात आडवे रचून ठेवले. गावातले लोक ते सरपण समजून उचलून नेत. तेव्हा दादांनी त्यावर पाटी लावली: 'येथे भुंगे राहणार आहेत.' राहणार आहेत, राहतात नव्हे. भूगोलाचे मास्तर, काळाला पक्के.

आपल्या शहरी वाचकांपाशी माळ नसतो, गॅलरी असते. तिथे तुळस फुलू द्या, मंजिऱ्या लगेच खुडू नका. कुंडीत अडुळसा लावा. बांबूचा एका टोकाला बंद असा तुकडा पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला टांगा. आणि पाकिटातले 'रानफुलांचे बी' सहलीला जाताना डोंगरावर उधळू नका, एवढी मात्र हात जोडून विनंती. त्यात बहुधा पिवळा-केशरी कॉसमॉस असतो. पुण्याच्या टेकड्यांवर तो पसरला आहे. सुंदर दिसतो, त्यापुढे उभे राहून सगळे फोटो काढतात, आणि खालचा तेरडा-कवळा गुदमरतो.

पहिल्या वर्षी काही दिसले नाही. दुसऱ्या वर्षी माळाला वणवा लागला. कोणी लावला ते कळले नाही, पण गवत गेले, सरपणाचा ढीग गेला, पाटीसुद्धा गेली. दादा दोन दिवस बोलले नाहीत. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता पुरे." वहिनींनी नवी पाटी रंगवून दिली. भोवती दोन हात रुंद पट्टा उकरून मोकळा ठेवायचा, हे त्या जळण्याने शिकवले. तरवडाची मुळे जिवंत होती. पावसाने ती पुन्हा फुटली.

यंदा भाद्रपदात मी गेलो तेव्हा निम्म्या माळावर तरवड पिवळा झाला होता. अकराच्या उन्हात दादांनी मला एका झुडपापाशी उकिडवे बसवले आणि ओठांवर बोट ठेवले. बराच वेळ काही नाही. माझे गुडघे दुखू लागले. मग तो घूं ऐकू आला. एकच होता. तीन फुले झाली, चौथ्यावर गेला आणि उठून खाली गावाच्या दिशेने निघून गेला. "घराकडेच गेला," दादा म्हणाले. त्यांनी तो कुठे गेला हे पाहिलेले नव्हते.

मुदत येत्या चंपाषष्ठीला संपते. मुलगा येणार आहे, गिऱ्हाइकाचा कागद घेऊन येतो की मोकळ्या हाताने, ते त्याने सांगितलेले नाही. गणपतीत आला होता तेव्हा आजीबरोबर माळावर गेला होता म्हणे. नव्वदीच्या आजीला त्याने पाठुंगळी घेऊन चढवले. आत्याचे डोळे आता अधू झाले आहेत, तिला तरवड दिसला नाही, वास घेऊन म्हणाली, "हा तर आमच्या माहेरचा."

परवा वहिनींचा फोन आला. फराळाचे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, वांग्यांना फुलं आली आहेत. भुंगा येतो, सकाळी दोनदा. फळ धरलंय का, ते अजून कोणी मोजत नाही. आईंनी मोजायची बंदी केली आहे."